चुन्याची फुली

४ मार्च

प्रिय फोडूराव,
अनेक आशीर्वाद.

सकाळपासून धुकं आहे. दुकान उघडलं तरी उघडल्यासारखं वाटत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांवर बाहेरचं पांढरं उतरलंय आणि मी मधोमध बसून काचा चिकटवायची पुट्टी मळतेय. अशा दिवशी गिऱ्हाईक येत नाही. आलंच तर ते खरं आहे की काचेत दिसतंय हे ठरवण्यात माझा थोडा वेळ जातो. म्हटलं, त्यापेक्षा भावाला पत्र लिहावं.

बाबा असते तर पोट धरून हसले असते. बसवल्या त्याहून जास्त काचा ज्याने फोडल्या, तो त्यांचा लेक सैन्याच्या बांधकाम तुकडीत जाऊन परक्या मुलखात पूल बांधतोय. पूल काचेचा नाही ना, तेवढं कळव.

आता कामाचं. वाचनालयाच्या बाई दुकानात येऊन गेल्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या सभागृहात वादसभा आहे. विषय असा की, परदेशात सैन्य पाठवल्याने आपल्याकडचा दहशतवादाचा धोका कमी होतो का. ‘होतो’ म्हणणाऱ्यांत मी बोलावं अशी त्यांची इच्छा. ‘होत नाही’ म्हणायला आपले दातांचे डॉक्टर आहेत. ते बोलायला लागले की समोरच्याचं तोंड उघडंच राहतं, सवयच आहे त्यांची. बाई म्हणाल्या, ‘तुमचे यजमान बसथांब्यावरच्या स्फोटात गेले. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील.’

मी लगेच हो म्हटलं. शोभेसाठी नाही, मला ते मनापासून वाटतं. तुम्ही तिकडे गेल्यापासून इथे एकही स्फोट झालेला नाही. लोक आता बाकड्याखाली वाकून न बघता बाकड्यावर बसतात. मी अजून वाकून बघते. पण मी सोडून बाकीचे बसतात, ही काय लहान गोष्ट आहे का?

तेव्हा तू मला तिथले दाखले पाठव. डोळ्यांनी पाहिलेले. दातांच्या डॉक्टरांकडे आकडे असतील, माझ्याकडे भाऊ आहे.

माझा कामाचा एप्रन दोन ठिकाणी फाटलाय, पण नवा घ्यायला जीव होत नाही. बाकी ठीक.

तुझी ताई


२५ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पूल लोखंडाचा आहे, निश्चिंत राहा. आधीचा मागच्या वर्षी आपल्याच विमानांनी पाडला होता, आता आम्ही नवा घालतोय. अर्धा झालाय. दुपारी नदी अगदी स्थिर असते, तेव्हा वरचा अर्धा आणि पाण्यातला अर्धा मिळून एक पूर्ण पूल दिसतो. त्यावरून कोणाला जाता येत नाही एवढंच. मी डबा घेऊन काठावर बसतो आणि बघत राहतो. मुकादम म्हणतो, याला उन्हात बसवू नका, हा विरघळतो.

गावात एकाही खिडकीला काच नाही. सगळीकडे प्लॅस्टिकचा कागद ठोकलाय. वारा आला की तो आत ओढला जातो, मग बाहेर फुगतो, आणि सगळं गाव झोपेत श्वास घेतंय असं वाटतं. रस्त्याच्या वळणावर एक शिंपीणबाई राहतात. वयाने तुझ्याएवढ्या. बोलणंही तुझ्यासारखंच असावं, कारण त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलतो. तो इथल्या शाळेत मास्तर आहे. आपली भाषा पुस्तकातून शिकलाय, म्हणून ‘आपणांस पाणी हवे आहे काय’ असं विचारतो. बाईंना प्लॅस्टिकमधून उजेड पुरत नाही. दारात मशीन ओढून शिवतात, मग पावसावाऱ्यात काम बंद.

तुझा विषय मी मास्तरला सांगितला. बोलण्याआधी तो डोळे मिटतो, तसे मिटले. म्हणाला, ‘डोंगरातला दहशतवाद्यांचा तळ तुम्ही मोडलात, हे तुमच्या भगिनीस जरूर कळवा. त्यांच्या भयाने आमची शाळा बंद होती, ती तुम्ही आल्यावर उघडली, हेही कळवा. परंतु तळावर होते ते आता गावोगावी एकेक-दोनदोन आहेत. पूर्वी आमच्याकडे त्यांना कोणी जेवू घालत नसे. आता काही घरांत घालतात. ज्या घरांतले कोणी गेले, त्या घरांत.’ यातलं तुला कामाचं असेल ते घे.

कोठारात बराकीच्या उरलेल्या काचा पडून आहेत. साहेबांनी न्यायला परवानगी दिली. बाबांचा हिऱ्याच्या टोकाचा कटर पाठवशील? इथला कटर काच कापत नाही, ओरबाडतो.

आणि एक विचारायचं होतं. बसवल्यावर काचेवर चुन्याची फुली मारू का? इथे घरावर कसलीही खूण केलेली लोकांना आवडत नाही, बिचकतात. मला वाटतं नकोच.

तुझा,
फोडूराव (निवृत्त)


९ एप्रिल

प्रिय फोडूराव,
अनेक आशीर्वाद.

कटर पाठवतेय. बाबांच्या रुमालात गुंडाळलाय, रुमालही जप. काच चौकटीपेक्षा किंचित लहान काप. तुला दर वेळी सांगावं लागतं. उन्हात काच फुगते, तिला हलायला जागा लागते. घट्ट बसवलेली काच एखाद्या दुपारी कोणी हात न लावता तडकते आणि मग नाव आपलं खराब होतं.

फुलीचं काय विचारतोस? नव्या स्वच्छ काचेला माणूस फसतो. दवाखान्याचं दार बसवलं तेव्हा बाबांनी घाईत फुली मारली नाही, आणि तो पोस्टमन सरळ काचेतून आत गेला, आठवतं? बारा टाके पडले. त्या बाईंना तर काचेची सवयच सुटलीय. शिवताना उठतील आणि हात घालतील पलीकडे. चुन्याची फुली मार, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्यांना बजावून सांग की पुट्टी सुकेपर्यंत पुसायची नाही. लोक बिचकतात म्हणे. समजावून सांग की लोकांना. मी इथे बसून सांगतेय आणि तुला तिथलं जास्त कळतं, असलं काही मनात आणू नकोस. काच सगळीकडे काचच असते.

मास्तरचं बोलणं वाचलं. माणूस सभ्य दिसतो. पण जेवू घालणाऱ्यांची मला दया येत नाही, खरं सांगते. तुझ्या दाजींना मारलं त्यांनाही कोणीतरी जेवू घातलंच असेल. कापडी गाठोडं होतं ते, बाकड्याखाली. कोणीतरी ते शिवलं असेल, कोणी बांधून दिलं असेल, आणि शेजाऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं असेल. तो एक शेजारी बोलला असता तर.

काल दुपारी दुकानातच डोळा लागला. स्वप्नात एक घर होतं, भिंती नव्हत्याच, नुसत्या खिडक्या. तुझ्या शिंपीणबाई पलीकडे बसून काहीतरी निळं शिवत होत्या. तोंड दिसलं नाही. त्यांच्या मागच्या काचेत तुझे दाजी उभे होते, हातात पिशवी, बसची वाट बघत. मी काचेवर टकटक केली. बाईंनी मान वर केली, दाजींनी नाही. जाग आली तेव्हा उन्हाचा चौकोन माझ्या पायांवर आला होता आणि पाय गरम झाले होते. मला कितीतरी वेळ बरं वाटत होतं.

तुझी ताई


२ मे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

काचा बसल्या. चारही. एकही फुटली नाही, हे पत्र जपून ठेव.

पहिली काच चौकटीत टेकवली तेव्हा बाई मशीन थांबवून आल्या. आतून बघितलं, मग बाहेर जाऊन माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा आतून. मास्तर सांगत होता की त्यांना स्वतःचं तोंड कित्येक दिवसांत एवढं मोठं दिसलं नव्हतं. मग ऊन आत आलं. त्या खोलीत उन्हाने वाट शोधत शोधत यावं तसं आलं ते. आधी मशीनच्या चाकावर, मग कापडाच्या तुकड्यांवर, मग भिंतीजवळच्या लोखंडी पेटीवर. त्या पेटीत शिवून झालेले कपडे असतात, प्रत्येकाला मालकाचं नाव टाचलेलं. बाईंनी सुईत दोरा ओवला, एका झटक्यात, आणि आम्हाला दाखवला.

तू म्हणालीस म्हणून फुल्या मारल्या. चारही खिडक्यांवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मास्तरला पसंत नव्हतं. मी तुझं नाव सांगितलं, माझी मोठी बहीण म्हणतेय म्हणून. बाईंनी लगेच भावाला गप्प केलं. मोठ्या बहिणीचं ऐकावं असं काहीतरी त्या म्हणाल्या असणार, कारण मास्तरने माझ्याकडे जी नजर टाकली ती मला ओळखीची वाटली. पुट्टी सुकेपर्यंत पुसायची नाही हेही सांगितलं.

संध्याकाळी आम्ही दोघे पायरीवर बसून तुझी वादसभा खेळलो. मी तुझ्या बाजूने बोललो. म्हटलं, आम्ही आल्यापासून आमच्या गावी एकही स्फोट नाही. मास्तर म्हणाला, ‘येथे होतात, ते आपण कोणत्या वहीत मांडता?’ मी म्हटलं, आम्ही परत गेलो तर ते लोक पुन्हा तळ उभारतील, मग तुमची शाळाही जाईल. त्यावर तो म्हणाला, ‘हे खरे आहे. याचे उत्तर माझ्यापाशी नाही.’ मलाही त्याच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नव्हतं. आतून मशीनचा आवाज येत होता आणि आतल्या दिव्याने पायरीवर आमच्या पायाशी चार फुल्यांच्या सावल्या पडल्या होत्या.

बाईंनी तुझ्या अंगाचं माप विचारलंय. कशाला ते सांगणार नाही. मी हात पसरून दाखवलं.

तुझा,
फोडूराव


२० मे

प्रिय फोडूराव,
अनेक आशीर्वाद.

हात किती पसरलेस ते आधी कळव. परक्या मुलखात माझी बदनामी करायला सरकारने तुला पाठवलेलं नाही.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं, काचांना. ऊन वाट शोधत आलं, तिथे थांबले. आपण आयुष्यभर काचा बसवल्या पण घरात ऊन येताना बघायला कधी थांबलो नाही, पैसे घेऊन निघालो. तू थांबलास, बरं केलंस.

भाषणाचा मजकूर तयार होतोय. शाळेचा दाखला पहिला घेतलाय. मास्तर ‘याचे उत्तर माझ्यापाशी नाही’ म्हणाला, तेही घालणार आहे. दातांच्या डॉक्टरांना कवळी शोधत बसू दे.

पुट्टी आता सुकत आली असेल. फुल्या पुसल्यास का?

आणि पुलाचं काम संपल्यावर तू परत येणार की मुदत वाढवून घेणार? सभेत मी ‘सैन्य राहायला हवं’ म्हणणार आणि घरी येऊन ‘माझा भाऊ परत पाठवा’ म्हणणार. हे डॉक्टरांना कळू देऊ नकोस.

तुझी ताई


१४ जून

प्रिय ताई,
नमस्कार.

वळणावरचं ते घर पडलं. शिंपीणबाई आत होत्या. मी तेव्हा पुलाच्या पलीकडच्या टोकाला मुक्कामी होतो, आलो तेव्हा सगळं शांत झालं होतं. मास्तर शाळेत होता म्हणून वाचला.

तो आता गावात नाही. बाईंना पुरल्यावर दुसऱ्याच दिवशी निघून गेला. वरच्या वस्त्यांमध्ये दिसला म्हणतात, पाठीवर मोठं गाठोडं घेऊन घरोघर जाताना. एका घरात थोडा वेळ थांबतो आणि पुढे जातो. इथे नवी तुकडी आलीय, तिच्या साहेबांनी मला बोलावलं होतं. तो कसा दिसतो, कसा चालतो, कोणाशी बोलायचा, हे त्यांना हवंय. त्यांना वाटतं तो माणसं गोळा करतोय, किंवा काहीतरी पोचवतोय. त्याला नीट ओळखणारा मीच. मी म्हटलं, आठवून सांगतो. साहेब म्हणाले, लवकर आठवा.

ताई, तू काय म्हणतेस?

तुझा भाऊ


२५ जून

प्रिय फोडूराव,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, आणि माझ्या घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय. स्वप्नात तोंड दिसलं नव्हतं त्यांचं. आता कधीच दिसणार नाही.

काय माणसं आहेत ती. आपल्याच मुलखातल्या, शिवून पोट भरणाऱ्या बाईचं घर पाडतात. आपल्या लोकांकडून काचा बसवून घेतल्या म्हणून असेल, नाही का? मी हे सभेत सांगणार आहे. डॉक्टर म्हणतात, आपण तिथे गेलो म्हणून ते चिडतात. मी विचारणार, एका शिंपिणीने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

आणि तू मला विचारतोस, सांगू का. गाठोडं हा शब्द वाचून माझ्या अंगावर काटा आला. मास्तर भला असेल. तो भला असेल तर चौकशी होईल आणि सुटेल, त्याचं काय जाणार आहे? पण नसला तर? एखाद्या बसथांब्यावर एखादी बाई उद्या माझ्यासारखी होईल, आणि तेव्हा तू तो शेजारी असशील, बघून न बघितल्यासारखं करणारा. मी त्या शेजाऱ्याला रोज शिव्या घालते. माझ्या भावाला घालायची वेळ आणू नकोस.

सांगून टाक. माझ्या नावावर सांग, हवं तर.

तू जप. शेवटच्या पत्रात एकही चेष्टा नव्हती, तुला ताप वगैरे नाही ना?

तुझी ताई


१९ जुलै

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आमच्यातला सुतार सुटीवर घरी येतोय, तो स्वतः दुकानात आणून देईल. त्याच्याजवळ एक पुडकंही आहे. आधी पत्र वाच, मग पुडकं उघड.

तुझं पत्र आलं आणि मी साहेबांना सांगितलं. मास्तर उंच आहे, जरा वाकून चालतो, बोलताना आधी डोळे मिटतो. त्यांनी त्याला सर्वांत वरच्या वस्तीत पकडलं. गाठोडं रस्त्यावर उलटं केलं. त्यात कपडे होते. शिवून झालेले, बाईंच्या लोखंडी पेटीतले. घर पडलं पण पेटी शाबूत राहिली होती. तो ज्याचे त्याला नेऊन देत होता. प्रत्येक घरात थोडा वेळ थांबायचा, कारण लोक कपडा अंगावर घालून त्याला दाखवायचे. आमच्या माणसांनी उरलेल्या प्रत्येक कपड्याची शिवण सुरीने उसवून आत काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. पाच दिवस ठेवून सोडला. ओळख पटवायला मला बोलावलं होतं. एक डोळा सुजून बंद झाला होता. तरी बोलण्याआधी त्याने उरलेला डोळा मिटलाच.

आता मागचं. घर त्यांनी पाडलं नाही, ताई. आपण पाडलं. तू त्यांच्यावर ढकललंस आणि मी गप्प राहिलो, कारण खरं लिहायला हात धजत नव्हता. नवी तुकडी येताना तिची रीत घेऊन आली होती. तपासून रिकामं निघालेल्या घरावर ते पांढरी फुली मारतात, म्हणजे मागून येणारे ते पाडू शकतात, रस्त्याकाठी लपायला जागा उरू नये म्हणून. ते वळणावर आले तेव्हा त्यांना चार खिडक्या दिसल्या, चारही फुल्या मारलेल्या. त्यांना वाटलं, आधीचे तपासून गेलेत. हाक मारली म्हणतात. बाईंचं मशीन चालू असणार.

मी मास्तरला म्हटलं, फुल्या मी मारल्या. तो म्हणाला, ‘मला माहीत आहे. मी रोज पुसू म्हणत असे, उजेड अडतो म्हणून. ती पुसू देत नसे. म्हणे, त्या मुलाच्या मोठ्या बहिणीने सांगितले आहे, सुकेपर्यंत पुसायचे नाही.’

हे तुला कळवू नये असं मला कितीदा वाटलं. तू काचेतून हात जाऊ नये म्हणून सांगितलं होतंस. मीही ते पटलं म्हणून नाही, तू म्हणालीस म्हणून केलं. आपल्यापैकी कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्या गोळा टाकणाऱ्या मुलाच्याही नसेल, त्याच्याबरोबर मी आता एका टेबलावर जेवतो.

पुडक्यात आहे ते मास्तरने जाताना दिलं. म्हणाला, ‘हे शेवटचे. आपल्या भगिनीचे. आता माझ्यापाशी कोणाचे काही उरले नाही.’ मग शाळेकडे चालत गेला. शाळेतच राहतो आता, तिथेही खिडक्यांना प्लॅस्टिकच आहे. साहेबांनी विचारलं, तुम्ही ओळखता, हा आता डोंगरात जाईल का? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, ताई. शाळा सुटल्यावर तो वर्गाबाहेर उभा राहून डोंगराकडे बघतो. डोंगर सुंदर आहे म्हणूनही बघत असेल.

पूल पूर्ण झाला. आता पाण्यातला आणि वरचा, दोन्ही पूर्ण दिसतात. मुदत वाढवून घ्यायची का, ते मी अजून कळवलेलं नाही.

तुझा भाऊ


६ ऑगस्ट

प्रिय भावा,

सुतार येऊन गेला. चांगला मुलगा आहे, दोन कप चहा घेतला. तो गेल्यावर मी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग पुडकं उघडलं.

एप्रन निळा आहे. फाटलेल्या एप्रनचं तू त्यांना सांगितलं असशील. कापड जाड, दोन्ही खांद्यांना दुहेरी शिवण, आणि उजवीकडे एक लांबट अरुंद खिसा, बाबांचा कटर बरोब्बर मावेल असा. त्यांनी तुझ्या हातात तो बघून माप घेतलं असणार. खिशाची एक शिवण उसवलेली आहे, सुरीने. मी ती पुन्हा शिवली. माझे टाके वाकडेतिकडे आलेत, त्यांच्या टाक्यांशेजारी अगदी लाज वाटावी असे. असू देत. अंगाला नीट बसतो. म्हणजे तू हात फार पसरले नव्हतेस.

मी रडले, फार रडले, ते लिहीत नाही. ‘काच सगळीकडे काचच असते’ हे वाक्य मी तुला लिहिलं होतं. ते आता मला दुकानात कुठेही बसलं तरी दिसतं. आणि त्यावर कडी म्हणजे, ‘माझ्या नावावर सांग’ असंही लिहिलं. दोन्ही वेळा मी इथल्या खुर्चीत बसून, तुझ्या चांगल्यासाठी, त्यांच्या चांगल्यासाठी लिहिलं. तू विचारत होतास, नको वाटतं म्हणत होतास. मी तुला बोलू दिलं नाही.

सभा रविवारी झाली. एप्रन घालून गेले, कामावरून आले असं लोकांना वाटलं. डॉक्टर आधी बोलले, चांगलं बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी भाषणाचा कागद उघडलाच नाही. फुलीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, पोस्टमनच्या टाक्यांपासून. पोस्टमनवर लोक हसले, मग हसायचे थांबले. मी हेही म्हटलं की तुझ्या दाजींना मारणाऱ्यांना कोणी अडवायलाच नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही. ती शाळा उघडली ते खोटं नाही. मागे बसलेल्या एकाने विचारलं, ‘म्हणजे बाई, धोका कमी झाला की वाढला? तुम्ही नक्की कोणत्या बाजूच्या?’ मी म्हटलं, त्या शाळेबाहेर उभा असलेला एक माणूस उद्या काय करेल ते मला सांगता येत नाही, आणि त्याला मी जवळजवळ ओळखते. मग बाकीच्यांचं कशाच्या जोरावर सांगू? वाचनालयाच्या बाई नाराज झाल्या. डॉक्टरांनी मला बसथांब्यापर्यंत सोडलं, वाटेत तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्यासाठी ते अवघडच गेलं असणार.

ते गेल्यावर मी थांब्यावर बसले. बाकड्याखाली वाकून बघितलं, मग बसले. समोरच्या दुकानाच्या काचेत मी दिसत होते, निळी. माझ्या मागे येणारे-जाणारे पाण्यातून चालल्यासारखे सरकत होते. त्यांच्यात तुझे दाजी नव्हते. शिंपीणबाई होत्या का, सांगता येणार नाही, तोंड माहीत नाही ना. दोन बस सोडल्या मी.

मुदतीचं मी काही सांगणार नाही. तुला तिथलं जास्त कळतं. पण तू तिथे असेपर्यंत एक काम कर, पटलं तर. मास्तरला विचार, शाळेच्या खिडक्यांना काच लावू का. नको म्हणाला तर परत ये आणि मला तसं सांग. नको म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. गप्प राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. हो म्हणाला तर आधी माप घे. चौकटीपेक्षा किंचित लहान कापायची, तेवढं तुला येतं.

फुली मारू नकोस. पण मुलं धावतात, काच आहे हे त्यांना दिसायला हवं, आणि आत माणसं आहेत हे लांबून येणाऱ्यालाही दिसायला हवं. त्यावर मी दोन दिवस विचार केला. तुझ्या दाजींचे शर्ट मी अजून कपाटात ठेवले होते, कोणाला देववत नव्हते. त्यातल्या एकाच्या पट्ट्या कापून सोबत पाठवतेय, कडा दुमडून शिवल्यात. एकेका काचेवर एकेक लाव, मास्तरला दाखवून, त्याला चालत असेल तर.

निळ्या आहेत. लांबून दिसतात.

तुझी ताई